पोलीस ठाण्यात तक्रार घेत नाहीत किंवा पैसे मागतात, तर नेमकं काय करायचं

मागच्या वर्षी माझ्या बाबांचा मोबाईल एसटी स्टँडवर खिशातून मारला, आणि त्या संध्याकाळपर्यंत त्याच नंबरवरून अडतीस हजार रुपये यूपीआयने गेले. बाबा एकटेच ठाण्यात गेले. तिथे त्यांना सांगितलं की काका चोरी म्हणू नका, गहाळ म्हणा, लगेच दाखला देतो, आणि बाबांनी सही करून तो गहाळचा कागद घरी आणला. बँकेने तो कागद बघून परत पाठवलं, म्हणाले एफआयआर लागेल. मग मी गेलो. तीन चकरा झाल्यावर एकाने बाजूला घेऊन सांगितलं की साहेबांशी बोलतो पण चहापाण्याचं बघा, दोन हजार. मी दिले. अजून राग येतो स्वतःचा आणि त्याचाही. पैसे गेले, एफआयआर झाला नाहीच, परत गेलो तर ते गृहस्थ बंदोबस्ताला होते.

शेवटी एफआयआर झाला तो एका लेखी अर्जाने, बिनपैशाने. तेव्हापासून गावातल्या, नात्यातल्या पाच-सहा जणांबरोबर मी वेगवेगळ्या ठाण्यांत गेलोय आणि एक गोष्ट पक्की कळलीये, की ठाण्यातली लाच आणि टोलवाटोलवी दोन्ही तोंडी बोलण्यावर जगतात. उद्या या, साहेब नाहीत, आपल्या हद्दीत येत नाही, मिटवून टाका, हे सगळं तोंडीच सांगतात, हेच लिहून द्या म्हटलं की कोणी देत नाही. म्हणून खाली जे लिहितोय ते सगळं एकाच गोष्टीभोवती आहे, तोंडी कारभार कागदावर कसा आणायचा.

आधी एफआयआरचं. पाच हजार किंवा त्याहून जास्त किमतीची चोरी, पैशांची फसवणूक, मारहाणीत हाडबिड मोडलं, विनयभंग, हे दखलपात्र गुन्हे, यात पोलिसांना गुन्हा नोंदवावाच लागतो. ललिता कुमारी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २०१३ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. शिवीगाळ, साधी मारहाण वगैरे अदखलपात्र, तिथे एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, घेतात, आणि गडबड इथेच होते, कारण दखलपात्र गोष्टीचीही एनसी करून हातात देतात आणि आपल्याला वाटतं तक्रार झाली. कागद हातात आला की आधी वर काय लिहिलंय ते वाचा. एनसीवर पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपासच करू शकत नाहीत, म्हणजे तो कागद फाइलला लावून ठेवला जातो. गहाळचंही तसंच, वस्तू हरवली असेल तर गहाळ, कोणी काढून घेतली असेल तर चोरी. शब्द बदलू देऊ नका, जबाबात एक शब्द जरी वेगळा वाटला तरी सही करायच्या आधी दुरुस्त करून घ्या.

१ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आलीये, तिचं कलम १७३ लक्षात ठेवा, बाकी नाही ठेवलं तरी चालेल. हद्दीचा प्रश्न असला तरी तक्रार घ्यायची आणि मग संबंधित ठाण्याकडे पाठवायची, यालाच झिरो एफआयआर म्हणतात, तर हे आता याच कलमात आहे. म्हणजे आमच्या हद्दीत येत नाही हे कारण संपलं. ऑनलाइन किंवा ईमेलनेही माहिती देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. आणि एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते, झेरॉक्सचे पैसे सुद्धा द्यायचे नाहीत. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेचे काही गुन्हे असतात तिथे डीवायएसपीची (पोलीस उपअधीक्षकांची) परवानगी घेऊन चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते त्यांना, त्यामुळे चौकशी चालू आहे असं कोणी म्हणालं तर विचारा की परवानगी कोणत्या तारखेची, आणि चौदा दिवस मोजा.

बायका-मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांत तर तक्रार नोंदवली नाही म्हणून पोलीस अधिकाऱ्यावरच गुन्हा होऊ शकतो, जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १९९, सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी. बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या चिमुरड्यांचे आईवडील तासन् तास ठाण्यात बसून राहिले, मग अख्खं शहर रेल्वे रुळांवर उतरलं तेव्हा अधिकारी निलंबित झाले. त्या आईवडिलांना कोणी त्या रात्री कलम १९९ सांगायला हवं होतं असं मला सारखं वाटतं.

आता अर्ज. साधा पांढरा कागद, वर प्रति, वरिष्ठ पोलीस निरीक्षक, ठाण्याचं नाव. खाली तारीख, वेळ, जागा, काय झालं, कोणावर संशय, काय काय गेलं, बस. रडगाणं नको, वकिली भाषा तर अजिबात नको. शेवटी एक ओळ टाका, की सदर माहितीवरून कलम १७३ अन्वये गुन्हा दाखल करून प्रत मिळावी. दोन प्रती काढा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, म्हणजे शिक्का, तारीख, आवक क्रमांक. नुसती सही नको, शिक्का हवा. नाही दिला तर वाद घालत बसू नका, बाहेर या, पोस्टात जा आणि तोच अर्ज स्पीड पोस्टने ठाण्याला पाठवा (रजिस्टर्ड पोस्ट २०२५ पासून त्यातच आलंय), आणि त्यावर मी अमुक तारखेला इतक्या वाजता आलो होतो, पोच दिली नाही, हे पेनने लिहा. पोस्टाची पावती हीच तुमची पोच.

ठाण्याने घेतला नाही तर कलम १७३(४), अर्ज एसपींना, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना, पोस्टाने, आयुक्तालय असेल तर डीसीपींना, म्हणजे उपायुक्तांना. माझं काम इथेच झालं. अकराव्या दिवशी त्याच ठाण्यातून फोन आला, या म्हणाले, आणि ज्या टेबलावर मला तीन वेळा परत पाठवलं होतं त्याच टेबलावर चाळीस मिनिटांत एफआयआर टाइप झाला. एसपी पण ऐकत नसतील तर कोर्ट, कलम १७५(३), जुनं १५६(३), मॅजिस्ट्रेट पोलिसांना तपासाचा आदेश देतात, तिथे अर्जाबरोबर प्रतिज्ञापत्र लागतं आणि आधी ठाण्याकडे आणि एसपींकडे गेला होतात याचा पुरावा लागतो, म्हणून म्हणतो त्या पावत्या जपून ठेवा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका कोर्टातच विधी सेवा समिती असते, किंवा १५१०० वर फोन करा, बायकांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, हे खूप जणांना माहीतच नसतं.

पैसे मागितले तर

इथे मी चुकलो म्हणून इथेच जास्त लिहितो.

पहिली गोष्ट, देऊ नका आणि तोंडावर नाही पण म्हणू नका. बघतो, जमवतो, एक-दोन दिवस द्या, एवढंच म्हणा आणि बाहेर पडा. मग १०६४, हा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर, किंवा थेट जिल्ह्याच्या एसीबी ऑफिसला जा. राज्यात त्यांची आठ परिक्षेत्रं आहेत, मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती, संभाजीनगर आणि नांदेड, आणि प्रत्येक जिल्ह्यात युनिट असतं. पोलीसच पोलिसाला कशाला पकडतील हा प्रश्न सगळे विचारतात, मीही विचारायचो, पण पेपर उघडून बघा, हवालदार, पीएसआय, एपीआय सापळ्यात सापडल्याच्या बातम्या सारख्या येतात. त्या प्रत्येक बातमीमागे कोणीतरी आपल्यासारखाच माणूस एसीबीच्या पायऱ्या चढलेला असतो.

तिथे काय होतं ते सांगतो कारण भीती त्याचीच असते. तुमची तक्रार लिहून घेतात. मग पडताळणी, म्हणजे तुमच्याजवळ व्हॉइस रेकॉर्डर देतात आणि एका सरकारी पंचाला बरोबर पाठवतात, तुम्ही जाऊन साहेब थोडं कमी करा असं बोलता, समोरचा तडजोड करून आकडा सांगतो. पेपरमध्ये पंचासमक्ष मागणी करून तडजोडीअंती पाच हजार स्वीकारताना असं जे छापून येतं ते हेच. ही मागणी रेकॉर्ड होणं सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण कोर्टात नुसत्या नोटा सापडल्या म्हणून भागत नाही, मागितल्या हे सिद्ध व्हावं लागतं. मग सापळ्याचा दिवस. नोटांचे नंबर लिहून घेतात, त्यांना पावडर लावतात, तुम्हाला सांगतात की त्याने मागितल्याशिवाय द्यायच्या नाहीत, आधी शेकहँड करायचा नाही, घेतल्या की ठरलेला इशारा करायचा. पावडर फिनॉल्फ्थॅलिन असेल तर हात सोड्याच्या पाण्यात बुडवल्यावर पाणी गुलाबी होतं, अँथ्रासिन असेल तर अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली चमकते. सापळ्यात तुमचे गेलेले पैसे नंतर परत मिळतात. आणि जे काम अडलंय ते पुढे करून घ्यायलाही विभाग मदत करतो, म्हणजे तक्रार केली म्हणून काम कायमचं बुडालं असं होत नाही.

हुशार लोक स्वतः घेत नाहीत. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे द्या, टपरीवर द्या, या नंबरवर टाका. बातमीत खाजगी इसम म्हणतात तो हाच. त्याच्यामार्फत घेतली तरी ती लाचच, दोघंही अडकतात, त्यामुळे मध्ये कोण आहे ते तक्रारीत नावानिशी सांगा.

आणि माझ्यासारखं देऊन बसला असाल तर हे वाचा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली बदल झाला, आता लाच देणं हाही गुन्हा आहे, पण जबरदस्तीने द्यावी लागली असेल आणि सात दिवसांच्या आत तुम्ही तपास यंत्रणेला कळवलं तर तुमच्यावर गुन्हा नाही. सात दिवस. मला हे कळलं तेव्हा तीन महिने झाले होते. आणि आधी एसीबीला सांगून सापळ्यासाठी पैसे दिले तर प्रश्नच नाही, त्याला कायद्यात सरळ संरक्षण आहे. घेणाऱ्याला तीन ते सात वर्षं शिक्षा आहे. खटला लांबतो हे खरं आहे, खटला भरायला वरिष्ठांची मंजुरी लागते, तारखा पडतात, तुम्हाला साक्षीला बोलावतात. पण डिसेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलंय की तक्रारदार फितूर झाला किंवा वारला तरी बाकीच्या पुराव्यांवरून मागणी सिद्ध करता येते. म्हणजे तक्रारदारावर दबाव टाकून केस संपवायची सोय कमी झालीये.

पासपोर्टचं एका ओळीत, पोलीस पडताळणीची वेगळी फी नसते, घरी आलेल्या माणसाला पाणी द्या, चहा द्या, पाचशे देऊ नका.

ठाण्यात बोलावलं किंवा धरून नेलं तर

साठ वर्षांवरचे, पंधरा वर्षांखालचे मुलगे, कोणत्याही वयाची बाई, अपंग किंवा खूप आजारी माणूस, यांना साक्षीदार म्हणून जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. तोंडी बोलावलं तर नोटीस मागा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक नाही, आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते, आणि तिला उत्तर द्यायला वेळेवर जा, चुकवू नका. अटक केलीच तर कारण सांगायचं, घरच्यांना कळवायचं, अटकेचा पंचनामा करून त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं. बाईला सूर्यास्तानंतर अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी, तिन्ही हवं. मॅजिस्ट्रेट विचारतात पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का, त्या वेळी मारलं असेल तर बोला, त्या क्षणी गप्प बसलं की पुढे सिद्ध करणं फार अवघड जातं. मारहाण झालेल्या माणसाला मी स्वतः नाही म्हणताना बघितलंय, कारण मारणारा मागेच उभा होता. म्हणून वकील किंवा घरचं कोणीतरी कोर्टात हवंच, आणि वैद्यकीय तपासणीत प्रत्येक जखम डॉक्टरांकडून लिहून घ्या.

हे हलकं घेऊ नका. २०१७ मध्ये सांगलीत एका तरुणाचा कोठडीत मारहाणीत मृत्यू झाला आणि पोलिसांनी त्याचा मृतदेह आंबोलीत नेऊन जाळला होता. हे आपल्याच महाराष्ट्रात घडलंय.

सीसीटीव्ही हे यातलं सगळ्यात मोठं हत्यार आहे आणि लोक ते वापरतच नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रत्येक ठाण्यात प्रवेशद्वार, लॉकअप, कॉरिडॉर, निरीक्षकांची खोली, ड्युटी ऑफिसरची खोली, आवार, सगळीकडे कॅमेरे हवेत, आवाजासकट, आणि रेकॉर्डिंग अठरा महिने ठेवायचं, ते जमत नसेल तर निदान एक वर्ष. काहीही घडलं, मारलं, पैसे मागितले, तासन् तास बसवलं, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अर्ज द्या की अमुक तारखेचं इतक्या ते इतक्या वेळेचं, अमुक जागेचं फुटेज जतन करावं, प्रत एसपींना. प्रत नंतर मिळो न मिळो, जतन करा हा अर्ज आधी जाऊ दे, कारण मग कॅमेरा बंद होता हे त्यांना लेखी सांगावं लागतं आणि कोर्टात त्याचं उत्तर द्यावं लागतं.

मोबाईलवर रेकॉर्डिंगचं खूप जण विचारतात. नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटलंय की पोलीस ठाणं हे सरकारी गुपितांच्या कायद्यातलं प्रतिबंधित ठिकाण नाही, त्यामुळे तिथे व्हिडिओ काढला म्हणून तो कायदा लावता येत नाही. तरी माझा सल्ला असा, की तोंडासमोर मोबाईल नाचवू नका. त्याने वाद पेटतो, आणि वाद पेटला की सरकारी कामात अडथळा, ज्याला आपण सगळे अजून ३५३ म्हणतो आणि आता जे न्याय संहितेचं कलम १३२ झालंय. हे कलम लोकांना गप्प करायला कसं वापरलं जातं ते मी बघितलंय. म्हणून एकटे जाऊ नका, आवाज चढवू नका, कोणाच्या अंगाला, टेबलाला, कागदाला हात लावू नका. रेकॉर्डिंग केलंच असेल तर मूळ फोन सांभाळा, क्लिप कापू नका, व्हॉट्सॲपवर फिरवू नका, कोर्टात मूळ फाइल आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं.

एसीबी सोडून आणखी एक दार आहे जे फार थोड्या लोकांना माहितीये, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण. प्रकाश सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये सात निर्देश दिले होते, त्यातला हा एक, आणि महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात बदल करून ते आणलं. हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष असतात. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, नियम मोडून केलेली अटक, भ्रष्टाचार, खंडणी, घर-जमीन बळकावणं, अधिकाराचा गंभीर दुरुपयोग, एवढ्या गोष्टी तिथे चालतात. उद्धट बोलला एवढ्यावर तिथे जाऊ नका, त्याला एसपींकडे लेखी तक्रार पुरते. मानवी हक्क आयोगाकडेही जाता येतं, राज्याचा आयोग मुंबईत आहे, पण घटनेपासून एका वर्षाच्या आत.

एक गोष्ट मनापासून सांगायचीये. या सगळ्यात मला चांगले पोलीसही भेटले. माझा एफआयआर टाइप करणाऱ्या हवालदारबाई सलग दुसऱ्या दिवशी घरी गेल्या नव्हत्या, गणपतीचा बंदोबस्त आणि वर ही ड्युटी. मुंबईत देवनार ठाण्यात २०१६ मध्ये आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झाला, तो सगळीकडे व्हायला हवा असं मला तेव्हापासून वाटतं, चौदा-सोळा तास उभा असलेला माणूस समोरच्याशी नीट बोलेल कसा. आणि बदल्या. जिथे पोस्टिंगला पैसे मोजले जातात अशी चर्चा असते तिथे ते पैसे शेवटी आपल्यासारख्याकडूनच वसूल होणार. २०१४ च्या त्याच कायद्यात बदल्यांसाठी पोलीस आस्थापना मंडळं आहेत आणि निरीक्षकांना एका ठाण्यात सर्वसाधारणपणे दोन वर्षांचा कार्यकाळ आहे. तो पाळला जातो का हे आपण विचारू शकतो, आणि विचारायला हवं.

कसं, तर माहिती अधिकाराने, आणि हे तुमचं वैयक्तिक काही काम अडलेलं नसतानाही करा. जोडपत्र अ चा नमुना घ्या, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, जन माहिती अधिकारी, अमुक पोलीस ठाणे किंवा एसपी ऑफिस असं लिहा. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द हा नियम आहे, म्हणून एका वेळी एकच विचारा. मी पहिल्या अर्जात विचारलं होतं की ठाण्यात किती कॅमेरे आहेत, किती चालू आहेत, साठवणूक किती दिवसांची आहे. दुसऱ्यात, मागच्या पाच वर्षांत ठाण्याला किती निरीक्षक आले आणि प्रत्येक जण किती महिने होता. तिसऱ्यात, लेखी तक्रार अर्ज किती आले आणि त्यातल्या कितींचे एफआयआर झाले, महिनावार. का, कशासाठी, योग्य आहे का असले प्रश्न विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही, फक्त नोंदी मागा. तीस दिवस थांबा. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प, आणि त्याचीही पोच घ्या.